दहाच्या तारा: दोन प्रतिस्पर्धी गिटारवाल्यांचं प्रकरण

दोन माणसं, दोन बँड आणि ३१ डिसेंबरची एक सुपारी, म्हणजे पैसे ठरवून घेतलेला कार्यक्रम, एवढाच या प्रकरणाचा पसारा. दोघेही पुरुष, दोघेही आपापल्या बँडचे मुख्य गिटारवाले आणि गायक. एकाचा बँड रत्नागिरीचा, दुसऱ्याचा मालवणचा. प्रकरण अनेक प्रसंग एकत्र करून बेतलेलं आहे, त्यामुळे नावं नाहीत. खाली ते रत्नागिरीकर आणि मालवणकर एवढेच आहेत. पैशांचे आकडे किनाऱ्यावरच्या छोट्या कार्यक्रमांच्या मापाने घेतले आहेत.

दोघं एकमेकांच्या प्रेमात पडले. हे प्रेम लपून राहिलं तोवर धोका वाटत होता तो घरच्यांचा आणि गावाचा. प्रत्यक्षात आधी बिनसलं ते बँडमध्ये. तेही ‘आमचा गायक गे आहे’ म्हणून नाही, तर ‘आमचा दर समोरच्यांकडे फुटला’ म्हणून. हा फरक लक्षात न आल्यामुळे पुढच्या अर्ध्या चुका झाल्या.

वैर कसलं होतं

कोकणात रॉक बँडला पोटापुरतं काम मिळतं ते कॉलेजची गॅदरिंग, गणेशोत्सवातली मंडळं, पर्यटन हंगामातले रिसॉर्ट आणि जमलंच तर गोव्यातल्या क्लबांमधून. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. एवढ्याशा बाजारात पाच-पाच जणांचे दोन बँड म्हणजे एका पाणवठ्यावर दोन वाघ. तीच ठिकाणं, तेच मॅनेजर, तीच पाच-सहा गाणी लोकांना हवी असलेली.

इथल्या माणसाला गाण्यातलं वैर नवीन नाही. रत्नागिरीकडे शक्ती-तुऱ्याच्या खेळात शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहून एकमेकांना सवाल टाकतात. सिंधुदुर्गात डबलबारी भजनात दोन बुवा एका मंडपात एकमेकांची टोपी उडवतात आणि श्रोते त्यासाठीच रात्र जागवतात. बारी संपली की बुवा एकत्र चहा पितात, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. या दोन बँडांनी सामना घेतला, चहा मात्र घेतला नाही.

ती तुटलेली तार

सुरुवात रत्नागिरीतल्या एका स्पर्धेत झाली. मालवणकराची गिटार तरंगत्या ब्रिजची (ब्रिज म्हणजे तारा जिथे अडकवतात तो भाग), तारा नऊच्या, म्हणजे .००९ ते .०४२ इंच जाडीच्या. दुसऱ्या गाण्यात पहिली तार तुटली. तरंगत्या ब्रिजचं गणित असं, की एका बाजूला तारांचा ताण आणि मागच्या बाजूला स्प्रिंगांचा ताण यांच्या बरोबरीवर तो उभा असतो. एक तार गेली की स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे ओढला जातो आणि उरलेल्या पाचही तारा वर चढतात. म्हणजे तुटते एक आणि बेसूर होतात सगळ्या. साध्या पक्क्या ब्रिजवर माणूस पाच तारांत गाणं कसंबसं रेटून नेतो. इथे ती सोय नाही.

विंगेत रत्नागिरीकर उभा होता, पुढचा नंबर त्याचा. त्याने स्वतःची गिटार दिली. पण त्याचा बँड अर्धा स्वर उतरवून वाजवतो, ई-फ्लॅटमध्ये. तशीच दिली असती तर मालवणकर स्वतःच्याच बँडशी अर्ध्या स्वराने बेसूर झाला असता. हातात देण्याआधी त्याने पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, दोन बोटांनी तारा सरळ केल्या, तिसरी तार एकदा छेडून पाहिली आणि मग पट्टा पुढे केला. कॅपोने तो अर्धा स्वर भरून निघाला. मालवणकराने त्या गिटारीवर उरलेली तीन गाणी वाजवली आणि पहिलं बक्षीस नेलं. रत्नागिरीकर दुसरा आला. स्वतःच्याच गिटारीकडून हरला, अशी थट्टा पुढे महिनाभर चालली. कॅपोबद्दल कोणी बोललं नाही, कारण तो कोणी पाहिला नव्हता. ज्याने पाहायचा त्याने पाहिला होता.

त्यानंतर दोघं भेटू लागले ते राजापूरला. रत्नागिरी ते मालवण रस्त्याने साडेतीन-चार तास, राजापूर मध्ये पडतं. दोन पुरुषांनी लॉजवर एक खोली घेतली तर कोकणात कोणी काही विचारत नाही. मुलगा-मुलगी गेले की आधारकार्ड चारदा उलटंपालटं होतं. लपवणं या बाबतीत सोपं होतं, आणि ते सोपं होतं म्हणूनच लांबलं. पाच महिने.

कळलं कसं

फोन, फोटो, कुणी पाहिलं, यातलं काहीच घडलं नाही. कळलं तारांवरून.

किनाऱ्यावर तारांचं आयुष्य तसंही कमी. खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा मिळून वरच्या तीन उघड्या पोलादी तारा दोन-तीन आठवड्यांत गंजतात. गंज बोटाला खरखरतो, आणि तार तुटते ती बहुधा ब्रिजच्या खोबणीत, जिथे घाम साचतो. रत्नागिरीकराचा सल्ला होता दहाच्या तारा वापरायचा, .०१० ते .०४६, त्याही लेप दिलेल्या. सल्ला चांगला होता. पण नऊचा संच नेहमीच्या स्वरात लावला तर एकूण ताण सुमारे ३८ किलो, दहाचा सुमारे ४६. तेवढा वाढीव ताण तरंगता ब्रिज पुढे खेचतो. म्हणून मागे एक स्प्रिंग वाढवावी लागते, स्प्रिंगा धरणाऱ्या पंजाचे स्क्रू आवळावे लागतात, गिटारीच्या मानेतली ट्रस रॉड, म्हणजे मान वाकू न देणारी सळई, पाव फेरा फिरवावी लागते आणि नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा किंचित रुंद कराव्या लागतात. नाही केल्या तर तार खाचेत अडकते आणि ओढून सोडली की स्वरावर परत येत नाही. एका दुपारचं काम, पण हात बसलेला हवा.

मालवणच्या बँडमधल्या बास वाजवणाऱ्याने एके दिवशी ती गिटार सहज हातात घेतली. तारा जाड. मागे तीनच्या जागी चार स्प्रिंगा. आणि खुंट्यांवर जाड तारा एका विशिष्ट पद्धतीने गुंडाळलेल्या: एक वेढा तारेच्या टोकाच्या वरून, बाकीचे खालून, म्हणजे तार स्वतःलाच कुलूप घालते. अशा गुंडाळलेल्या तारा त्याने एकाच माणसाच्या गिटारीवर पाहिल्या होत्या.

“गिटार तुजी आसा, पण सेटिंग तुजा न्हय,” तो म्हणाला.

मालवणकराने थाप मारली, गोव्यात करून घेतलं म्हणून. त्यात भर म्हणजे तो आठवडा नेमका वाईट निघाला. तारकर्लीच्या एका रिसॉर्टला ३१ डिसेंबरसाठी मालवणच्या बँडने ४५ हजार सांगितले होते. दोन दिवसांनी रत्नागिरीच्या बँडने ४२ सांगितले आणि सुपारी नेली.

दर खरोखर फुटला होता का?

नाही. नंतर दोन्ही बँडांनी संदेशांच्या तारखा आणि वेळा समोरासमोर ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. मॅनेजरनेच रत्नागिरीच्या ड्रमरला आवाजी निरोप पाठवला होता, की मालवणवाले ४५ ला तयार आहेत, तुम्ही बघा. हा भाव पाडण्याचा जुनाच प्रकार. पंगतीच्या आचाऱ्यापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांवर चालतो. पण हे कळायला तीन आठवडे लागले, आणि तीन आठवड्यांत संशय सिमेंटसारखा घट्ट झाला होता.

मालवणकर निर्दोष होता, तरी बँडचा संशय चुकीचा म्हणता येत नाही. त्यांच्यापुढे काय होतं? आपला माणूस पाच महिने समोरच्या बँडच्या माणसाला गुपचूप भेटतो, त्याबद्दल खोटं बोलतो, आणि समोरच्यांचा दर आपल्यापेक्षा बरोबर तीन हजारांनी खाली येतो. सख्ख्या भावाबद्दलही असाच संशय आला असता. पती-पत्नी दोन वेगळ्या बँडांत असते तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी उघड चर्चेत आला असता: घरी दराचं बोलू नका, बाबांनो. नातं झाकलं की त्याभोवती घालायचं कुंपणही घालता येत नाही. समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत ही अडचण जास्त येते, कारण नातं झाकून ठेवण्याची कारणं त्यांच्याकडे जास्त आणि खरी असतात.

सांगताना काय चुकलं

दोघांनी ठरवलं की सांगायचं. क्रम बरोबर निवडला: आधी बँड, मग घर, आणि समाजमाध्यमांवर काहीच नाही. दोन्ही बँडांना एकाच संध्याकाळी, साडेसातला, आपापल्या सरावाच्या खोलीत. एका बँडला आधी कळलं असतं तर तासाभरात बातमी दुसऱ्याकडे पोचली असती, आणि तिखटमीठ लावून. दोघांनी एकमेकांची परवानगीही घेतली होती, कारण ‘मी’ असं म्हटलं की ‘तो’ आपोआप उघडा पडतो. एकाने तयारी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याला थांबावंच लागलं असतं.

चूक झाली ती वाक्यांच्या क्रमात. मालवणकराने सुरुवात केली, “दर मी सांगूक नाय.” आणि नंतर म्हणाला, की आमचं जमलंय. ऐकणाऱ्यांना दुसरं वाक्य पहिल्याची कबुली वाटलं. म्हणजे प्रेमात पडून दर सांगितला. रत्नागिरीत उलट झालं. तिथे आधी नातं सांगितलं गेलं, दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग बास वाजवणाऱ्याने विचारलं, किती महिने? दराचा विषय अर्ध्या तासाने आला आणि स्वतंत्रपणे निकालात निघाला.

तरी रत्नागिरीचा ड्रमर बँड सोडून गेला. त्याला दराशी काही घेणं नव्हतं. निरोप त्याच्याकडेच आला होता, खरं काय ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला नातंच नको होतं. इथे समजूत घालण्याचे प्रयत्न झाले ते जरा जास्तच झाले. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे दाखले देऊन झाले, पाचगणीच्या शाळेत शिकलेला म्हणून तो घाटावरचा आपलाच. ज्युडास प्रीस्ट या मेटल बँडच्या रॉब हॅल्फर्डने १९९८ मध्ये आपण गे असल्याचं जाहीर सांगितलं, तरी मेटलवाल्यांनी त्याला डोक्यावरच ठेवलं, हेही सांगून झालं. दाखल्यांनी माणूस बदलत नाही. त्याची बाकी बिदागी चुकती करून त्याला मोकळं करणं दोन महिने आधी व्हायला हवं होतं.

कुंपण

संशय मिटवायला शपथा उपयोगी पडल्या नाहीत, व्यवस्था पडली. दोन्ही बँडांनी मिळून एक पान लिहिलं. दर सांगण्याचं काम दोन्हीकडे बास वाजवणाऱ्यांकडे; हे दोघं गिटारवाले सुपारीच्या बोलण्यात नसतील आणि त्या गटातही नसतील. दर तोंडी जाणार नाही, तारीख-वेळेसह लेखी जाईल, आणि त्यात साउंड, जनरेटर, टेम्पो, राहणं हे वेगळं दाखवलेलं असेल. एकच ठिकाण दोघांना विचारत असेल तर आपण विचारलेले आहोत एवढं एकमेकांना कळवायचं, आकडा नाही. कोणी ‘समोरचे इतक्याला तयार आहेत’ म्हणालं तर उत्तर ठरलेलं: मग त्यांनाच बोलवा.

शेवटचं वाक्य बोलायला जड जातं. पहिल्या हंगामात त्यापायी मालवणच्या बँडच्या दोन सुपाऱ्या गेल्या.

राजापूरचं गाणं

दुसरा वाद गाण्याचा. लॉजवर रात्री दोघांनी मिळून एक रिफ, म्हणजे गिटारीवरची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, बांधली होती, फोनवर रेकॉर्ड केलेली. पुढे दोघांनीही ती आपापल्या बँडमध्ये वापरली, वेगळे शब्द घालून. दोघांच्या मनात होतं की समोरच्याची हरकत नसेल. हरकत बँडांची होती.

कायद्यात गाण्याचे शब्द आणि गाण्याचं संगीत ही दोन वेगळी पुस्तकं असल्यासारखी आहेत. कॉपीराइट अधिनियम १९५७ प्रमाणे दोघांचा वाटा एकमेकांपासून वेगळा काढता येत नसेल तर ती संयुक्त निर्मिती. रिफ तशीच होती. रेकॉर्डिंगमध्ये एकाची ओळ दुसरा पुरी करताना ऐकू येतो. संयुक्त निर्मिती एकट्याने कुणाला वापरायला देता येत नाही, दोघांची संमती लागते, आणि हक्क शेवटच्या निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. प्रेम तेवढं टिकेल न टिकेल, कागद आजच करावा. त्यांनी केला तो असा: संगीत निम्मं-निम्मं, शब्द ज्याचे त्याचे, दोन्ही बँडांना मंचावर वाजवायची मुभा, रेकॉर्ड करून प्रसिद्ध करायचं तर दोघांची लेखी संमती, आणि नातं संपलं तरी वाटे तेच. ते शेवटचं कलम लिहिताना दोघं अडखळले. ते गाळलं असतं तर बाकीच्या कागदाला किंमत नव्हती.

एका माइकवर दोघं

फेब्रुवारीत दोन्ही बँडांनी मालवणजवळ किनाऱ्यावर एकत्र कार्यक्रम घेतला, डबलबारीच्या धर्तीवर: दोन बाऱ्या, मध्ये सवाल-जवाब, शेवटी दोघांनी एकाच माइकवर राजापूरचं गाणं. सिंधुदुर्गात निरनिराळ्या कंपन्यांचे नट एकत्र आणून संयुक्त दशावतार लावतातच, त्यामुळे ‘संयुक्त’ म्हटल्यावर लोकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. दशावतारात पुरुष राजा पुरुष राणीची मनधरणी करतो आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी येतं, हेही इथलंच. मंचाखाली उतरलं की नियम बदलतात.

ड्रमचा एकच संच लावला. बास ड्रम आणि टॉम सामायिक, स्नेअर, झांजा आणि पेडल ज्याचं त्याचं. त्यामुळे अदलाबदल बारा मिनिटांत झाली. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण फेब्रुवारीतला कुठला तरी शनिवार त्यात बसत नाही. म्हणून सुरुवात साडेसहाला, शेवटचं गाणं पावणेदहाला.

खरा धोका चेकिंगच्या वेळी सापडला. दोघं एका माइकवर आले, खांदा खांद्याला लागला आणि दोघेही झटकन मागे झाले. लोक हसले. साउंडवाल्याने मल्टिमीटर आणला, एसी व्होल्टवर ठेवला, एक टोक एका गिटारीच्या ब्रिजवर, दुसरं दुसऱ्या गिटारीच्या ब्रिजवर. ९४ व्होल्ट.

कारण साधं होतं. रत्नागिरीकराच्या अॅम्पचा हम्, म्हणजे सतत घुमणारा आवाज, जात नव्हता म्हणून कधीतरी कोणीतरी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली होती. अर्थिंग नसलेल्या यंत्राचा धातूचा सांगाडा आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे मेनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. सांगाड्यापासून केबलच्या जाळीतून ते व्होल्टेज तारांवर येतं, तारांवरून हातात. एकटा असताना, कोरड्या फळ्यांवर, काहीच जाणवत नाही. समोरच्याची गिटार नीट अर्थ केलेली असेल आणि दोघांचा स्पर्श झाला, की वाट मिळते. बहुतेक वेळा हा करंट चिमट्याएवढाच असतो. अॅम्पच्या आत इन्सुलेशन गेलेलं असेल तर तोच जीव घेतो, आणि मीटरचा आकडा या दोन्हींतला फरक खात्रीने सांगत नाही. म्हणून ‘थोडा झटका येतो, चालायचंच’ हे कोकणातल्या प्रत्येक मंडपात ऐकू येणारं वाक्य तिथेच थांबवावं.

उपाय: पिन परत बसवली. दोन्ही अॅम्प, मिक्सर, पेडल सगळं एकाच वितरण पेटीवर घेतलं, एक अॅम्प जनरेटरवर आणि एक शेजारच्या घरावर असं नाही. पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. तिच्याबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: जनरेटरचा न्यूट्रल अर्थिंगला बांधलेला नसेल तर ती नुसती शोभेची, ट्रिप होतच नाही. ते काम वायरमनकडूनच करून घ्यायचं. अर्थिंगचा रॉड कुठे ठोकायचा हाही कोकणातला खास प्रश्न. वर सड्यावर जांभ्यात रॉड जात नाही आणि कोरडा जांभा करंट धड नेतही नाही, खाली ओल्या खाऱ्या वाळूत मात्र दीड मीटरचा रॉड उत्तम काम देतो. राहिला हम्, तो मिक्सरकडे जाणाऱ्या लाइनवर डीआय बॉक्सची (गिटारीचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलचं ग्राउंड तोडणारं बटण, दाबून घालवला. तोडायचं असेल तर सिग्नलचं ग्राउंड तोडावं, मेनचं कधीच नाही.

पुन्हा मीटर लावला. ०.३ व्होल्ट. मग दोघं माइकवर उभे राहिले, आणि मालवणच्या बास वाजवणाऱ्याने, जो तोवर तीन महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होता, लांबून ओरडून विचारलं, “आता लागता काय रे?”

घर आणि कागद

रत्नागिरीकराच्या घरी बहिणीला माहीत आहे, आईवडिलांना नाही. मालवणकराच्या आईने देवाला कौल लावला, मग एका डॉक्टरकडे न्यायचं म्हणाली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘बदलण्याचे’ उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत, हे तिला भाच्याने सांगितलं. ती ऐकून गप्प बसली. सध्या रविवारी दोघांसाठी मासे होतात, विषय होत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात: सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून हे नातं गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने लग्नाचा हक्क मात्र मिळाला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला कसलीही बंदी नाही. दोघांनी खातं काढलं, पण बँडच्या पैशांपासून वेगळं. त्यात बिदागीचा एक रुपया थेट येत नाही. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो पैसे स्वीकारणारा विश्वस्त. म्हणून दोघांनी मृत्युपत्रं केली, प्रत्येकावर दोन साक्षीदार. गिटारी, अॅम्प आणि राजापूरच्या गाण्याचा आपापला वाटा त्यात नावानिशी लिहिला आहे. साक्षीदार दोन्ही बँडांचे बास वाजवणारे.

मालवणकर अजून दहाच्या तारा वापरतो. रत्नागिरीच्या बँडला नवा ड्रमर मिळाला, चिपळूणचा, जुन्याइतका घट्ट नाही. तारकर्लीच्या त्याच रिसॉर्टने या वर्षी दोन्ही बँडांकडे ३१ डिसेंबरचा दर मागितला. दोन्हीकडून तो लेखी गेला. कोणाचा किती, ते या दोघांना सुपारी ठरेपर्यंत कळणार नाही.